माझ्या तोंडी माझाच जुना आवाज

तोंड उघडलं, छातीत श्वास भरला, आणि मी सूर लावायच्या आधीच पद सुरू झालं. दोन्ही बाजूंच्या मोठाल्या स्पीकरमधून बाईचा आवाज आला, तरणा, टणटणीत, काळी चारच्या उंच पट्टीत. क्षणभर वाटलं, विंगेत कुणी मुलगी गातेय. मग पहिल्या ओळीच्या शेवटी घेतलेली हरकत कानावर आली. ती हरकत माझी. आवाजही माझाच, पण चाळिशीच्या आतला. आता मी सत्तरी ओलांडली आहे आणि काळी चारमध्ये मला गाता येत नाही.

मी तोंड मिटलं. पद थांबलं नाही.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत शाली घेतलेले पाहुणे. सगळ्यांना दिसत होतं की शालू नेसलेली, पांढऱ्या केसांची बाई ओठ घट्ट मिटून उभी आहे आणि तिचं गाणं चालू आहे. माझ्या डाव्या हाताला वैद्य पेटीवर बसले होते. त्यांची बोटं पट्ट्यांवरून फिरत होती, पण भाता बंद. भात्याची कडीसुद्धा काढलेली नव्हती. मान खाली घालून हा माणूस मुकी पेटी वाजवत होता. उजवीकडच्या विंगेत नाटकाचा दिग्दर्शक निखिल उभा होता आणि मला दोन्ही हातांनी खुणा करत होता. आधी वाटलं, पडदा पाडू का विचारतोय. मग कळलं. तो सांगत होता, ओठ हलवा. ताई, ओठ हलवा.

मी संगीत नाटकात काम करून पोट भरलेली बाई आहे. बाकी काही केलं नाही, येतही नाही. शिक्षण चौथीपर्यंत. वडील नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे, त्यांच्याबरोबर मी कंपनीत गेले आणि गळा बरा निघाला म्हणून तिथेच राहिले. मासिकाच्या या अंकासाठी लिहा असं सांगणाऱ्यांनी ‘रंगभूमीच्या रम्य आठवणी’ असा विषय सुचवला होता. रम्य काही नाही. मी सिंगापूरच्या त्या दुपारबद्दल लिहिणार आहे, आणि ती समजावी म्हणून आमचं काम काय असतं ते थोडं सांगणार आहे.

संगीत नाटकात पात्र बोलता बोलता गायला लागतं. त्याला पद म्हणतात. लोकांना वाटतं, गळा असला की झालं. तसं नसतं. पदाआधीचं वाक्य ज्या सुरात संपतं तिथूनच पद उचलावं लागतं. वाक्य चालू असतानाच ऑर्गनवाला तो सूर हळूच धरून ठेवतो, समोरच्याला पत्ताही लागत नाही. अंगावर शालू, डोक्यावर खोपा, तोंडावर दिव्यांची धग आणि पोट रिकामं, कारण जेवून गाता येत नाही. नवरा लढाईला निघालेला असतो, त्याला अडवायचं असतं. तो बिचारा तलवार हातात धरून तुमचं पद संपेपर्यंत उभा राहतो. त्याला खाज सुटली तरी त्याने हलायचं नसतं. एकाला पदाच्या मध्येच शिंक आली होती तर मी महिनाभर त्याच्याशी बोलले नाही.

पद आवडलं की प्रेक्षक ‘वन्समोअर’ असं ओरडतो. शब्द इंग्रजांचा, पण आमच्यात तो हुकूम आहे. वन्समोअर आला की बाई ऑर्गनवाल्याकडे बघते, ऑर्गनवाला बाईकडे बघतो, आणि पद पुन्हा. नाटक थांबलं तरी चालेल. वन्समोअर मिळाल्यावर पाठ फिरवून आत गेलेली बाई मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिली नाही. दुसऱ्यांदा तेच पद तसंच म्हणायचं नसतं, नवीन काहीतरी काढावं लागतं, आणि गळा तोवर दमलेला असतो. आमचे दत्तूमास्तर ऑर्गनवर असायचे. मी दमले की माझा चेहरा बघून ते अर्धी पट्टी उतरवायचे, म्हणजे सगळं गाणं थोडं खालच्या सुरात घ्यायचे. कुणाला कळायचं नाही. मी घरी नवऱ्याला जेवढं सांगितलं नसेल तेवढं त्या माणसाला नुसतं बघून सांगितलं.

सांगलीला एक हळदीचे अडते यायचे. पहिली रांग, मांडीवर पानाचा डबा. पद संपायच्या आतच ओरडायचे, दुसऱ्यांदा झालं की पुन्हा ओरडायचे. एकदा रंगपटात आले तेव्हा मी विचारलं, शेठ, माझ्या गळ्याशी तुमचं काय वैर आहे? तर म्हणाले, “बाई, तिसऱ्या वेळेला तुम्ही नाटक विसरून गाता.” मी म्हटलं, “तिसऱ्या वेळेला मी चिडलेली असते.” “तेच म्हणतो मी,” ते म्हणाले आणि पान पुढे केलं. माणूस खोटं बोलत नव्हता. मला तो आवडायचा.

आणि दुसरं टोक बार्शीचं. घसा बसला होता. मी कंत्राटदाराला म्हटलं, आज नको. तो म्हणाला, बाई उभी राहू शकते ना, मग प्रयोग होईल. दुसऱ्या अंकात वरचा षड्ज, म्हणजे पदातला सगळ्यात उंच सूर, लावायला गेले आणि नुसती हवा आली. हुर्यो सुरू झाली. शेंगांची टरफलं आली, एक चप्पल आली. मी हलले नाही. पदाचे शब्द सावकाश बोलून दाखवले, दत्तूमास्तरांनी खालून चाल वाजवत ठेवली. काही लोक गप्प बसले, काही बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी प्रयोग होता, तो केला. मला त्या हुर्योचं काही वाटलं नाही. म्हणजे वाईट वाटलं, पण चूक वाटली नाही. त्यांनी तिकीट काढलं होतं, मी सूर दिला नव्हता. व्यवहार साफ होता.

हे सांगितलं म्हणजे मला सिंगापुरात एवढा राग का आला ते कळेल.

नवरा गेल्यावर मुलगा मिलिंद मला इकडे घेऊन आला. तो तांजोंग पगारच्या एका बँकेत आहे, घर तोआ पायोहला. आता तो इथला नागरिकच झाला आहे. घर चांगलं, सून मेघना चांगली, खायला-प्यायला काही कमी नाही. फक्त आवाज करायचा नाही. मी सकाळी तंबोऱ्याचं ते यंत्र लावून बसले की नात इथल्या इंग्रजीत म्हणायची, “आजी, नॉट सो लाउड लाह. खाली जा ना.” मग मी खाली जायला लागले. इथे बिल्डिंगच्या तळमजल्यावर घरं नसतात, नुसते खांब आणि बाकं असतात. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे मी खर्ज लावून बसायची. एक चिनी म्हातारा पेपर वाचायला यायचा. चार-पाच दिवसांनी त्याने आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून अगदी टोकाच्या खांबापाशी नेली. मला राग आला नाही. आवडलं नाही तर उठून जावं, हा ऐकणाऱ्याचा हक्क आहे. त्याने तो बजावला. रोज भेटलो की आम्ही एकमेकांना मान हलवायचो.

निखिल एका रविवारी घरी आला. जुरोंग ईस्टला कुठल्याशा कॉम्प्युटरच्या कंपनीत मॅनेजर, पुण्याचा. इथल्या हौशी मराठी मुलांची एक नाटकमंडळी आहे, ती तो चालवतो. पेढ्यांचा बॉक्स, पायांवर डोकं. म्हणाला, ताई, तुम्ही आमच्यासाठी लेजेंड आहात. मी म्हटलं, काम काय ते सांग.

काम असं होतं. ‘संगीत वचनमुद्रा’ नावाचं आमच्या कंपनीचं जुनं नाटक त्यांना करायचं होतं. त्यात मी पुष्कळ वर्षं नायिका होते. यांच्या प्रयोगात नायिकेचं काम एक तरुण मुलगी करणार होती, आणि तिसऱ्या अंकात तीच नायिका म्हातारी होऊन येते आणि तिचं सगळ्यात गाजलेलं पद म्हणते. ती म्हातारी मी. एक प्रवेश, एक पद.

मी लगेच हो म्हटलं. आढेवेढे घ्यायला मी काही नवरी नव्हते. कंपनी बंद पडली तेव्हा शेवटचा प्रयोग असा झालाच नव्हता. पुढचे प्रयोग लागले नाहीत, आणि मग कळलं की झाला तो शेवटचा. मला मरायच्या आधी एकदा पूर्ण पोशाखात, दिव्यांत उभं राहून ते पद म्हणायचं होतं. आज आहे त्या गळ्याने. बरं झालं की वाईट, ते समोरच्यांनी ठरवावं. माझी एवढीच इच्छा होती आणि ती मी निखिलला, मिलिंदला, सगळ्यांना सांगितली होती. आपल्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी कुणाला ठेवली नव्हती.

जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, हॉलमध्ये रविवारी तालमी व्हायच्या. मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एकटी जायची. ही मुलं कष्टाळू, ते मान्य करायला हवं. निखिलने ऑफिस सांभाळून हॉल मिळवला, परवानग्या काढल्या, राजवाड्याचे खांब स्वतः रंगवले. माझ्या वडिलांनी बघितले असते तर रंग फार चकचकीत आहे म्हणाले असते, पण बाकी नावं ठेवली नसती. पेटीवर वैद्य नावाचे गृहस्थ होते. अकाउंटंट, पन्नाशीतले, हात गोड. ते मला बाई म्हणायचे, जुन्या पद्धतीने. मी त्यांना पांढरी तीन ही पट्टी दिली. काळी चारवरून मी इतकी खाली उतरले आहे. वयाने उतरतोच गळा, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

एका तालमीत वरचा षड्ज फुटला. मी म्हटलं, “फुटला. पुन्हा घेऊ.” पुन्हा घेतला, पुन्हा थोडा फुटला. आमच्या कंपनीत असं झालं की दत्तूमास्तर म्हणायचे, गळ्यातली म्हैस विकून टाक, आणि सगळे हसायचे, मग तो सूर लागेपर्यंत कुणी चहाला उठायचं नाही. इथे कुणी हसलं नाही. सगळे खाली बघायला लागले. एका मुलीने मला कोमट पाणी आणून दिलं. निखिल म्हणाला, ताई, फार त्रास नका घेऊ, आज इतकंच पुरे. मला तिथेच संशय यायला हवा होता. आवाज फुटल्यावर जिथे कुणी तोंडावर बोलत नाही, तिथे पाठीमागे काहीतरी शिजत असतं.

शिजलं ते असं. बार्शीनंतर पुढे कधीतरी, कोल्हापुरात, आमच्या एका चांगल्या प्रयोगाला एका रसिकाने मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून अख्खं नाटक भरून घेतलं होतं. त्याची कॅसेट त्याने मला दिली होती. ती माझ्या ट्रंकेत असायची. मिलिंदने ती काढून निखिलला दिली. निखिलने कॉम्प्युटरवर ती धुऊनपुसून घेतली आणि माझं पद वेगळं काढलं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सभागृहात आवाजाची तालीम होती, तेव्हा मिलिंद म्हणाला, आई तू आराम कर, तुझा माइक ते बघतील. मी आराम केला. मला कुणी आराम कर म्हटलं की मी करत नाही, तेवढं एकदाच केलं.

तर मी तोंड मिटून उभी होते आणि पद चाललं होतं. खूप लांबलचक वाटलं. खरं सांगायचं तर त्या बाईचं गाणं चांगलं होतं. वरचा षड्ज तिने असा लावला की मला तिचा हेवा वाटला आणि तिच्या मुस्कटात मारावीशी वाटली. तिचं गाणं कोल्हापूरच्या लोकांनी ऐकलं होतं, त्याची दाद तिला तिथेच मिळाली होती. इथे माझ्या जागी येऊन उभं राहायचं तिला काय काम होतं?

पद संपलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यासुद्धा कॅसेटमधल्याच होत्या. निखिलने त्या मुद्दाम ठेवल्या होत्या, म्हणजे सभागृहातल्या लोकांनाही टाळ्या वाजवायचं सुचेल. ठरल्याप्रमाणे मी तिथे नमस्कार करून आत जायचं होतं, आणि मी वळले की आवाजवाल्याने कॅसेट बंद करायची होती. मी वळले नाही. तो माझी वाट बघत राहिला आणि कॅसेट पुढे चालत राहिली.

आणि स्पीकरमधून वन्समोअर आला.

एक नाही, चारी बाजूंनी. कोल्हापूरचा तो जुना रासवट गळा, मागून कुणीतरी शिट्टी मारतोय, कुणी ‘बाई, पुन्हा’ म्हणतोय. त्यातले बरेचसे आज जिवंत नसतील. समोर बसलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण त्यांच्यातलं कुणीच ओरडलं नव्हतं. निखिलने कपाळाला हात लावला आणि आवाजवाल्याला खूण केली, तशी कॅसेट एकदाची थांबली. एवढं सगळं मिनिटामिनिटाने आखलं होतं या मुलांनी, पण वन्समोअर आला की बाई जागची हलत नाही हे त्यांच्या आखणीत नव्हतं. मी विचार केला नाही, सवयीनेच मान डावीकडे वळली.

“वैद्य,” मी म्हटलं, “पांढरी तीन. आणि भाता सोडा.”

वैद्यांनी माझ्याकडे बघितलं. मग विंगेत निखिलकडे बघितलं. मग कडी काढली. तबल्यावरच्या मुलाला काय चाललंय ते कळेना, पण वैद्यांचा हात फिरला तसा तोही मागोमाग आला.

शालूच्या काठाला टाचलेला माझा माइक पहिल्यापासूनच बंद होता. मी चार पावलं पुढे आले आणि तशीच गायले. आम्ही तंबूत आणि मार्केट यार्डात गायलेल्या बायका, माइक नंतर आले. पण तेव्हा गळा होता. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी पुरुष ओरडला, “ऐकू येत नाही!” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या दुपारी प्रेक्षकातून आलेलं पहिलं खरं बोलणं ते. मी आणखी पुढे सरकले, जोर लावला. वरच्या षड्जाला गळा फुटला. चांगलाच फुटला, झाकता येण्यासारखा नव्हता. वैद्य तिथे थांबले नाहीत, मला खाली घेऊन आले, आणि मी पद शेवटपर्यंत नेलं. पहिल्या रांगेतले एक पाहुणे घड्याळ बघत होते. शेवटी टाळ्या झाल्या. आजारी माणूस चार पावलं चालला की वाजवतात तशा. वन्समोअर कुणी दिला नाही. देण्यासारखं मी गायलेही नव्हते.

पण गायले मी.

पडदा पडल्यावर निखिल आला. घामाघूम झाला होता. रागावलेला होता आणि वाकूनही बोलत होता, ते एकदम जमत नव्हतं त्याला.

“ताई, आम्ही तुमची इज्जत सांभाळत होतो.”

“माझी इज्जत तुझ्याकडे ठेवायला कुणी दिली?”

“पण शेवटी आवाज फुटलाच ना? आम्हाला तीच रिस्क नको होती.”

“अरे, ती रिस्क असते म्हणून तर लोक घर सोडून येऊन बसतात. नाहीतर कॅसेट घरी ऐकतील.”

तो सामान हलवणाऱ्या मुलांकडे वळला. हॉल रिकामा करायचा होता. त्याचं म्हणणं अगदीच वेडगळ होतं असंही मी म्हणत नाही. फुटेल म्हणाला, फुटला. पण फुटला तर माझा फुटला, त्याची शरम त्याने का वाटून घ्यावी? मला आधी येऊन म्हणाला असता, ताई, तुमच्याने होत नाही, तुम्ही नको, तर मी शिव्या घातल्या असत्या आणि घरी बसले असते. कंपनीतून बायकांना असंच काढतात. त्यात अपमान होतो, पण फसवणूक होत नाही.

वैद्य पेटी पुसत बसले होते. म्हणाले, “बाई, मला मान वर करता येत नव्हती.” मी म्हटलं, पेटी मात्र वेळेवर उचललीत. त्यांच्यावर रागवायला माझ्याकडे राग शिल्लक नव्हता. तो सगळा घरी न्यायचा होता.

टॅक्सी करून आम्ही परतलो. घरी आल्यावर मेघनाने भात टाकला, मी खोपा सोडला आणि मिलिंदला विचारलं, कॅसेट तू दिलीस? तो हो म्हणाला. मी विचारलं, मला का नाही विचारलंस?

“तू नाही म्हणाली असतीस.”

ओट्यापाशी मेघना म्हणाली, “मी सांगितलं होतं तुला, आईंना विचार म्हणून.” म्हणजे हिलाही ठाऊक होतं. अख्ख्या सिंगापूरला ठाऊक होतं, बहुतेक त्या चिनी म्हाताऱ्यालाही असेल.

मग मिलिंद म्हणाला, “बार्शीला मी समोर बसलो होतो, आई. दुसरीत होतो. माझ्या शेजारचा माणूस तुला काय काय म्हणत होता, ते तुला वर ऐकू गेलं नसेल.”

सुट्टीत तो कंपनीबरोबर असायचा, हे खरं. त्या दिवशी तो कुठे बसला होता याकडे माझं लक्ष नव्हतं. तो प्रयोगाला होता हे इतक्या वर्षांत तो बोलला नाही, मीही विचारलं नाही. माझा एवढा मोठा, केस पिकलेला, बँकेतला मुलगा सोफ्यावर बसून ते सांगत होता.

“ऐकू येतं,” मी म्हटलं. “वर सगळं ऐकू येतं. त्या माणसाचं पण आलं होतं.”

“मग?”

“मग काय? तू खाली बसून लाजलास. मी वर उभी होते, मला लाज वाटली नव्हती. तुझी लाज तू माझ्या गळ्यात घातलीस.”

हे कठोर झालं, मला माहीत आहे. मेघनाने पंखा उगाचच वाढवला. मिलिंद उठून बाल्कनीत गेला. मला त्याचं दुःख कळलं. एवढासा असताना आईवर चप्पल आलेली बघितली, ती त्याच्या मनातून गेली नाही, आणि ती पुन्हा बघायला नको म्हणून त्याने हे केलं. कळलं, पण राग गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. अजून आहे. आम्ही बोलतो, जेवतो, तो मला डॉक्टरकडे नेतो. ती कॅसेट मी परत ट्रंकेत टाकली आहे आणि किल्ली माझ्या कमरेला असते.

इथवर झालं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. घरातलं घरात राहिलं असतं. पण नंतर निखिलच्या मंडळींनी प्रयोगाचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला. मेघनाच्या फोनवर मी तो बघितला. पद सुरू होतं तेव्हा माझा चेहरा दिसत नाही. राजवाडा दिसतो, खांब दिसतात, समोरचे पाहुणे दिसतात, वैद्यांची बोटं दिसतात, लांबून पाठमोरी मी दिसते. आवाज कॅसेटचा. टाळ्या कॅसेटच्या. वन्समोअर कापला आहे. त्यानंतर मी जे गायले ते संबंध कापलं आहे. टाळ्या संपल्या की एकदम पुढचा प्रवेश.

पुण्याहून, नागपूरहून, कुठून कुठून निरोप यायला लागले. या वयात काय आवाज ठेवलाय. या वयात काय षड्ज. आमच्या कंपनीत दासीची कामं करणारी शालिनी अजून आहे, मिरजेला असते, तिचाही फोन आला. म्हणाली, अनसूये, तू काय खातेस गं, तुझा गळा तसाच्या तसा आहे. मी तिला सांगितलं, तो गळा तेव्हाचाच आहे, तूच माझ्यामागे परात घेऊन उभी होतीस तेव्हाचा. ती हसली. तिला वाटलं, मी विनय करतेय. माझ्या अंगात विनय कधी होता का, हे शालिनीला तरी ठाऊक असायला हवं.

मी निखिलला फोन केला. म्हटलं, जे झालं ते घाल, फुटलेलं घाल. तो शांतपणे म्हणाला, ताई, लोकांना इतकं आवडलंय, आता कशाला? मी म्हटलं, लोकांना जे आवडलंय ते मी केलेलं नाही आणि मी जे केलंय ते लोकांना दाखवलेलं नाही. तो म्हणाला, बघतो. आज वर्ष होत आलं, तो बघतोच आहे. मिलिंदनेही त्याला सांगितलं म्हणे. तेही बघणंच चाललं आहे.

म्हणून हे लिहून ठेवते. वैद्यांनी पेटीवर साथ केली, त्यांना विचारा. ऐकू येत नाही म्हणून ओरडणारा जो कोणी गृहस्थ होता, तो हे वाचत असेल तर त्यालाही विचारा.

त्या रविवारी दुपारी सिंगापुरात ‘वचनमुद्रा’च्या तिसऱ्या अंकातलं पद दोनदा झालं. पहिल्यांदा कॅसेट वाजली. दुसऱ्यांदा पांढरी तीनमध्ये, माइक बंद असताना, फुटलेल्या गळ्याने जी बाई गायली, ती मी, अनसूया निंबरे.